विद्युत् लेपनातील जेलयुक्त सच्छिद्र पटले

पाण्यात विखुरलेल्या रेझिनाचा लेप विद्युत् प्रवाहाने धातूच्या वस्तूवर बसविताना कुंडात साचणारे आयन वेगळे काढण्यासाठी वापरण्यात येणारी पटले. त्यांच्या छिद्रांत पाणी धरून ठेवणारे जेल असते. त्यातून लहान आयन पार जातात. रेझीन व रंगद्रव्य यांचे कलिल कण मात्र अडतात. सच्छिद्र आधारामुळे पटलास बळकटी येते.

या तत्त्वाचे मूळ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांच्या १८६१ मधील प्रयोगांत आढळते. स्टार्चाची खळ दिलेल्या पातळ कागदावर त्यांनी साखर व डिंक यांचा मिश्र विद्राव ठेवला. खालच्या पाण्यात साखर उतरली, डिंक मात्र जवळजवळ सर्व वरच राहिला. खळीचे जेलच ही निवड करते, हे ओळखून त्यांनी या क्रियेस अपोहन हे नाव दिले.

अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीत जॉर्ज ब्रूअर व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये विद्युत् लेपन पद्धतीच्या विकासास प्रारंभ केला. १९६३ मध्ये मोटारगाड्यांसाठी तिचा औद्योगिक वापर सुरू झाला. गाडीच्या पोकळ भागांत फवाऱ्याचा रंग पोहोचत नसे व तेथे गंज चढे. नव्या पद्धतीत लेप बसलेली जागा विद्युत् निरोधक बनते व प्रवाह उघड्या जागेकडे वळतो, त्यामुळे सु. ०·०२ मिमी. जाडीचा लेप आतील कोपऱ्यांतही बसतो.

प्रारंभी वस्तू धनाग्र असे. ॲमाइनाने उदासीन केलेले अम्लधर्मी रेझीन तिच्यावर साचे, ॲमाइन मात्र कुंडात राही. ते वाढल्यास लेप पुन्हा विरघळू लागे व सर्व कुंडच निरुपयोगी होण्याचा धोका असे. यावर कमी ॲमाइनाचे रेझीन भर म्हणून घालणे, किंवा ऋणाग्र पटलाच्या पेटीत ठेवून ॲमाइनाचे आयन त्या पेटीतून पाण्याबरोबर काढून टाकणे, असे दोन उपाय योजण्यात आले. पटलाची छिद्रे मोठी असल्यास रेझीन पेटीत शिरते, फार बारीक असल्यास विद्युत् रोध वाढतो. छिद्रांत जेल भरल्याने ही अडचण पुष्कळशी दूर होते.

धनाग्र असलेल्या वस्तूचे लोह व तिच्यावरील फॉस्फेटाचा थर अंशतः विरघळून लेपात मिसळतो व लेपाची गंजरोधकता घटते. म्हणून १९७६ पासून अमेरिकेत मोटारगाड्यांसाठी वस्तू ऋणाग्र करण्याची पद्धत प्रचारात आली. हिच्यात कुंडात अम्ल साचते. ते धनाग्राभोवतीच्या आयन-विनिमयी पटलातून बाहेर काढतात. ही पटलेही पाण्याने फुगलेल्या जेलाचीच असतात. मात्र कणांच्या आकारमानाबरोबरच विद्युत् भारानुसारही ती निवड करतात.