ब्लिस चिन्हलिपी

ब्लिस चिन्हलिपी : उच्चाराऐवजी थेट अर्थ दर्शविणाऱ्या चिन्हांची लेखनपद्धती. तिचा जनक चार्ल्स ब्लिस (१८९७–१९८५) हा चेर्नोव्हित्स येथे जन्मलेला ज्यू रसायन-अभियंता. नाझींच्या छळछावण्यांतून सुटल्यावर तो शांघायला पोहोचला. भिन्न बोली बोलणारे चिनी लोक एकच लिपी वाचतात, हे तेथे पाहून सर्व राष्ट्रांना समजेल अशी लिपी रचण्याची कल्पना त्याला सुचली. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने ती ग्रंथरूपाने मांडली. परंतु तिची फारशी दखल घेतली गेली नाही.

१९७१ मध्ये टोरोंटो येथील अपंग बालकांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू न शकणाऱ्या मुलांना ही चिन्हे शिकविली. साध्या चित्रफलकावर मुलाला प्रामुख्याने हवी ती वस्तू दाखविता येई; मनातील भाव व विचार मात्र अव्यक्तच राहत. या लिपीत हृदय हे भावनेचे चिन्ह असून त्यास वर जाणारा बाण जोडल्यास आनंद, खाली जाणारा जोडल्यास दुःख असा अर्थ होतो. त्यामुळे वाचन न येणारे मूलही चिन्हे जोडून नवा आशय व्यक्त करू शकते. ते बोटाने, डोक्यास बांधलेल्या काठीने वा नजरेने चिन्ह दाखविते. समोरची व्यक्ती चिन्हासोबत छापलेला शब्द वाचते.

चिन्हांत केलेल्या बदलांवरून ब्लिस व केंद्र यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. पुढे बोलणारी संगणकीय उपकरणेही प्रचारात आली. तथापि वाचा नसणे म्हणजे भाषा नसणे नव्हे, हे या लिपीने त्यांच्या आधीच दाखवून दिले होते. विश्वलिपी होण्याचे तिचे उद्दिष्ट मात्र साध्य झाले नाही.