कागद, काच, पत्रा आणि एक विद्यापीठ

इंदूर असो, बेंगळुरू असो की बडोदा, ओला-सुका कचरा वेगळा द्यायचा हे आता अंगवळणी पडत चाललंय. ही सवय कुठून आली हे शोधायला निघालं, तर एक वाट पुण्याला जाते. तीही महापालिकेत नाही, विद्यापीठात.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवू पाहत होती. मुलं तर आयांबरोबर कचराकुंडीवर, शिकणार कधी? ओल्या घाणीतून कागद उपसण्यात बायांचा दिवस जाई. मग घरोघरी विनंती झाली, की सुका कचरा वेगळा ठेवा आणि या बायांच्याच हाती द्या. वेळ वाचला, माल स्वच्छ मिळाला, पैसेही बरे सुटले.

तेवढ्यात एक व्यावसायिक गाडी घेऊन त्याच दारांशी आला. साहजिकच होतं म्हणा. मिसळलेला कचरा कुणालाच नको असतो, निवडलेला मात्र माल असतो. बाया रस्त्यावर उतरल्या. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली आठशेहून अधिक कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. नाव नीट ऐका, त्यात ‘कचरा’ हा शब्दच नाही! १९९५-९६ मध्ये महापालिकेनं त्यांची ओळखपत्रं मान्य केली. ज्या बाईकडे चोर म्हणून पाहिलं जाई, तिच्या हाती पालिकेची मान्यता असलेलं कार्ड आलं.

देशपातळीवरचे नियम आले २०००मध्ये, तेही अल्मित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे. २००८मध्ये ‘स्वच्छ’ ही वेचकांचीच सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा उचलू लागली.

कार्यालयं, रुग्णालयं, विद्यापीठं यांच्यावर नेमकी जबाबदारी पडायला २०१६ उजाडलं. दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणारी संस्था ‘मोठी कचरानिर्माती’ ठरली. वेचकांच्या संघटनांना सामावून घ्या, असंही त्याच नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितलं. पण अनेक सरकारी कार्यालयांची रद्दी निविदेनं विकली जाते, आणि निविदा भरायची तर आधी अनामत रक्कम भरावी लागते. डोक्यावर पोतं घेऊन फिरणारी बाई ती कुठून आणणार?