काळा डाग आणि सामाईक पुस्तक

फ्रेंच चित्रकार आल्बेर बेतानिए याने १८८७ साली 'काळा डाग' या नावाचे एक चित्र काढले. वर्ग भरलेला आहे. गुरुजी भिंतीवरील नकाशाकडे निर्देश करीत आहेत. नकाशावर एक काळा डाग असून तो १८७१ साली जर्मनीने हिरावून घेतलेल्या आल्सास-लोरेनचा आहे. त्याच काळी ऱ्हाईन नदीपलीकडील शाळांतून हा प्रदेश जर्मनीला परत मिळाला, असा पाठ दिला जात असे. भूमी एकच, पण पाठ दोन! अशा वर्गांतून शिकून निघालेल्या पिढ्या १९१४ साली खंदकांतून समोरासमोर ठाकल्या.

महायुद्ध संपल्यावर विचारी माणसांचे लक्ष शालेय पुस्तकांकडे वळले. राष्ट्रसंघाने १९२२ साली बौद्धिक सहकार्याची एक समिती नेमली. तत्त्वज्ञ बर्गसाँ हे तिचे पहिले अध्यक्ष. मादाम क्यूरी, आइन्स्टाइन आणि पुढे आपले जगदीशचंद्र बोस हेही तिचे सभासद होते. १९२५ साली स्पेनचे कासारेस यांच्या सूचनेवरून समितीने असा ठराव केला की, एका देशाच्या पाठ्यपुस्तकात दुसऱ्या देशाविषयी चुकीचा मजकूर आढळल्यास तो सुधारण्याची विनंती करता यावी. मात्र ती मान्य करण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

या उणिवेचे फळ लवकरच दिसले. १९३५ साली फ्रेंच व जर्मन इतिहासकार आणि शिक्षक पॅरिसमध्ये एकत्र बसले व वादग्रस्त प्रश्नांवर त्यांनी सुमारे चाळीस कलमे ठरविली. फ्रान्समधील नामांकित पाठ्यपुस्तककार ज्यूल इझाक हे त्यांत होते. विद्वानांचे एकमत झाले, शिक्षकांनी मान डोलावली; परंतु जर्मनीत नात्सी सत्ता होती आणि तिने ती कलमे मुलांच्या पुस्तकांपर्यंत पोहोचू दिली नाहीत. पुढे इझाक ज्यू असल्याने १९४० साली त्यांचे पद गेले. १९४३ साली त्यांची पत्नी व कन्या पकडल्या गेल्या आणि आउश्वित्झच्या छावणीत त्यांचा अंत झाला. राजसत्तेच्या पाठबळावाचून सत्य किती दुबळे ठरते, याचा याहून दारुण दाखला कोणता?

तथापि हे कार्य मेले नाही. गेओर्ग एकर्ट हा तरुण जर्मन अध्यापक युद्धात सैन्यासह ग्रीसमध्ये होता. १९४४ साली तो ग्रीक प्रतिकारकांना जाऊन मिळाला. मायदेशी परतल्यावर त्याने १९५१ साली ब्राउनश्वाइग येथे पाठ्यपुस्तक-सुधारणेची संस्था काढली. त्याच वर्षी दोन्ही देशांच्या इतिहासकारांनी पुन्हा चाळीस कलमे संमत केली. १९१४ चे युद्ध कोणा एका सरकारने वा जनतेने योजून घडविले, असे कागदपत्रांवरून म्हणता येत नाही, हा त्यांचा एक महत्त्वाचा निर्णय होता. या वेळी मात्र शिक्षकसंघटना सोबतीला होत्या आणि सरकारांचे दारही उघडे होते. एकर्ट १९७४ साली वारले. पुढच्याच वर्षी लोअर सॅक्सनी राज्याने कायदा करून त्यांच्या नावाने ती संस्था कायम केली. दरम्यान १९७२ पासून पोलंडशीही अशीच बोलणी सुरू झाली होती.

२००३ साली फ्रेंच व जर्मन युवकांच्या सभेने दोन्ही देशांसाठी इतिहासाच्या एकाच पुस्तकाची मागणी केली. सरकारांनी ती उचलून धरली, इतिहासकार व शिक्षकांनी लेखन केले आणि २००६ साली पहिला भाग निघाला. भाषा दोन, पण पाठ एक!

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी विश्वनागरिकत्वाचे शिक्षण हे सर्व राष्ट्रांचे ध्येय म्हणून स्वीकारले. ते साधावयाचे तर ऱ्हाईनकाठचा हा धडा विसरून चालणार नाही. संशोधकाने सत्य शोधावे, शिक्षकाने ते मुलाच्या वयाला पेलेल असे मांडावे आणि शासनाने त्याला शाळेचे दार उघडावे. तिघांपैकी एकाने हात आखडता घेतला, तर १९३५ च्या कलमांची गत होते. बेतानिएचे ते चित्र आज बर्लिनच्या जर्मन इतिहास संग्रहालयाच्या संग्रही आहे. ज्या राष्ट्राविरुद्धची चीड त्यात रंगविली होती, त्याच राष्ट्राने ते जपून ठेवावे, यातच या दीर्घ परिश्रमाचे सार्थक आहे.