काचेच्या भांड्यातील पेशी

कर्करोगाचे नाव निघाले की आजही पुष्कळ घरांत आवाज खाली येतो. ‘कपाळीच होते’ असे म्हणून विषय मिटविला जातो. परंतु कर्करोगालाही कारणे असतात, आणि ती पेशीच्या आत शोधली पाहिजेत, या निश्चयाने ज्या मराठी विदुषीने आयुष्य वेचले, त्या डॉ. कमल रणदिवे यांच्या कार्याचा आज परिचय करून घेऊ.

१९१७ साली पुण्यास समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे व डॉक्टरशीच विवाह करावा, अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. १९३९ साली त्यांनी गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह केला, आणि १९४३ साली सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर प्रबंध लिहून एम्. एस्सी. पदवी घेतली. सीताफळ कोठे आणि कर्करोग कोठे, असे वाटेल. परंतु दोहोंचे रहस्य एकाच ठिकाणी, पेशीच्या केंद्रकात आहे.

वडगावच्या विणकरांना हे समजण्यास कठीण नाही. मागावर नक्षी ठरविणाऱ्या पुठ्ठ्याला एक भोक चुकीचे पडले, तर तोच दोष नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात उमटत जातो. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल पुढील पेशीस देते. त्यांतील ‘थांब’ सांगणारी जनुकेच बिघडली, तर वाढीला आवर राहत नाही.

मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्या पीएच्. डी. झाल्या. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या कर्कपेशी १९५१ साली काचेच्या भांड्यात अखंड वाढू लागल्या, त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत. ही विद्या घेऊन रणदिवे मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. परदेशी गेलेल्या तरुण संशोधकांनाही त्या परत येण्याचा आग्रह करीत.

उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा कर्करोगाशी असलेला संबंध अभ्यासिला. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचे नाते भारतात प्रथम ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते. पुढे १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक हाती लागले, आणि काही कुटुंबांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या का दिसतो याचा मोठा उलगडा झाला. १९६६ ते १९७० या काळात त्या संशोधन केंद्राच्या प्रमुख होत्या. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या.

निपाणीच्या परिसरात तंबाखू हे अनेकांच्या पोटाचे साधन आहे; म्हणून येथे या विद्येचा अर्थ अधिक जवळचा. तंबाखूतील नायट्रोसअमाइन ही द्रव्ये पेशींच्या जनुकांना इजा करतात, हे आता सिद्ध आहे. खानोलकरांनी तर फार पूर्वीच मुखाचा कर्करोग आणि तंबाखू चघळण्याची सवय यांचा संबंध दाखविला होता. तेव्हा तोंडात न भरणारी जखम वा पांढरा चट्टा दिसल्यास कपाळाला बोल न लावता वेळीच डॉक्टरांना दाखवावा. रोग लवकर ओळखला, तर तो बरा होण्याची आशा पुष्कळ असते.