दुरंगी पानांच्या कुंडीतील झाडांची मूळकूज : ओळख, उपचार आणि वाण टिकवण्याची काळजी

मनी प्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, स्नेक प्लांट अशा शोभिवंत झाडांचे दुरंगी पानांचे प्रकार रोपवाटिकेत व्हेरिगेटेड या नावाने विकले जातात. साध्या हिरव्या प्रकारापेक्षा त्यांना भाव जास्त मिळतो, पण वाढ कमी आणि मर जास्त असते. पावसाळ्यात व हिवाळ्यात होणारी बहुतेक मर मुळांच्या कुजीमुळे होते. हे वाण बियांपासून तसेच्या तसे तयार होत नाहीत. त्यामुळे रोपवाटिकेतील मातृझाड कुजले तर एका कुंडीबरोबर पुढच्या सगळ्या कलमांचा स्रोतही जातो. म्हणून लक्षणे लवकर ओळखणे आणि योग्य क्रमाने उपचार करणे महत्त्वाचे आहे.

दुरंगी झाडे लवकर का कुजतात?

पानाच्या पांढऱ्या किंवा पिवळसर भागात हरितद्रव्य नसते किंवा फार कमी असते. तो भाग अन्न तयार करत नाही, मात्र हिरव्या भागाने केलेले अन्न वापरतो. त्यामुळे अशा झाडाची वाढ संथ राहते, नवी मुळे हळू फुटतात आणि झाड पाणीही कमी उचलते. शेजारच्या हिरव्या झाडाइतकेच पाणी दिले तर दुरंगी झाडाची कुंडी जास्त दिवस ओली राहते.

शेतकऱ्यांना वाफसा ही संकल्पना चांगली माहीत आहे. कुंडीलाही वाफसा लागतो. मुळे श्वसन करतात आणि त्यासाठी माध्यमातील पोकळ्यांत हवा असावी लागते. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचत नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. मुळांची टोके गुदमरून मरतात आणि तेथून रोगकारक बुरशी आत शिरते.

पिथियम व फायटोप्थोरा ही यातील प्रमुख रोगकारके आहेत. त्यांचे चल बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे साचलेल्या पाण्यातून रोग एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जातो. रायझोक्टोनिया व फ्युजारियम या बुरशींमुळेही मुळे व खोडाचा बुंधा कुजतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

- माध्यम ओले असूनही पाने मलूल होतात. हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे.
- खालची पाने पिवळी पडून गळतात, नवे पान लहान येते किंवा सुरळीतच अडकून राहते.
- पानाच्या पांढऱ्या भागावर कडेने तपकिरी, ओलसर डाग वाढतात.
- खोडाचा बुंधा दाबल्यास मऊ लागतो. कुंडीला आंबूस, कुजकट वास येतो.

खात्रीसाठी झाड कुंडीतून काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट पिवळसर आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी-काळे व लिबलिबीत असते. ते दोन बोटांत धरून ओढल्यास वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. पिथियममुळे झालेल्या कुजीत हे लक्षण हमखास दिसते.

काही वेळा दुसऱ्या कारणांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. कुंडी उचलल्यावर हलकी लागली आणि पाने मलूल असतील तर झाडाला पाण्याचा ताण बसला आहे. फक्त पांढरे भाग करपले, डाग कोरडे व कुरकुरीत असतील आणि मुळे पांढरी असतील तर कारण कडक ऊन आहे. मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो मुळांवरील पिठ्या ढेकूण असू शकतो.

झाड वाचवण्याची पद्धत

1. कुंडी इतर झाडांपासून लगेच वेगळी करावी. पाणी व खत दोन्ही बंद करावे. मलूल झाड पाहून पाणी वाढवले जाते आणि तिथेच झाड हातचे जाते.

2. झाड अलगद काढून जुने माध्यम झटकावे आणि मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. मनी प्लांट, डिफेनबेकिया, ॲग्लोनिमा ही झाडे अळवाच्या कुळातील आहेत. त्यांच्या चिकाने अळवासारखीच खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत.

3. धारदार कात्री किंवा ब्लेड 70 टक्के अल्कोहोलने पुसून कुजलेली सर्व मुळे निरोगी भागापर्यंत कापावीत. कापलेल्या जागी तपकिरी छटा दिसली तर आणखी वर कापावे. प्रत्येक झाडानंतर, आणि कुजका भाग कापल्यानंतरही, पाते पुन्हा पुसावे.

4. आता उरलेल्या मुळांवरून पुढचा निर्णय घ्यावा. निम्म्याहून जास्त मुळे निरोगी असतील तर झाड नव्या माध्यमात लावावे. मुळे थोडीच उरली असतील पण बुंधा टणक असेल तर झाड लहान कुंडीत लावावे आणि शेंड्याकडची एक-दोन कलमेही घेऊन ठेवावीत. बुंधा मऊ झाला असेल तर मुळांचा नाद सोडून वरच्या निरोगी खोडाची कलमे करावीत.

5. मुळे कमी झाल्यावर पानांचा भारही कमी करावा लागतो. मात्र कोणती पाने काढायची हे दुरंगी झाडात नीट पाहावे. आधी पिवळी, कुजकी आणि पूर्ण पांढरी पाने काढावीत. जास्त हिरवा भाग असलेली पाने ठेवावीत, कारण नवी मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न तीच देणार आहेत.

6. कापलेली मुळे व झाड सावलीत एक-दोन तास ठेवून जखमा सुकू द्याव्यात. हळद किंवा दालचिनीची पूड लावल्याने कुजका भाग बरा होत नाही. कुजका भाग पूर्ण कापणे हाच मुख्य उपचार आहे.

7. लागवडीसाठी उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच कुंडी घ्यावी, मोठी घेऊ नये. मोठ्या कुंडीतील जास्तीचे माध्यम मुळे वापरत नाहीत आणि ते ओलेच राहते. जुनीच कुंडी वापरायची असेल तर ती घासून धुवावी, 1 भाग घरगुती ब्लीच व 9 भाग पाणी या द्रावणात अर्धा तास बुडवावी आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवून वाळवावी. जुने माध्यम पुन्हा वापरू नये.

माध्यम कसे असावे?

नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे 2 भाग, धुतलेले कोकोपीट 2 भाग, परलाइट 1 भाग आणि लाकडी कोळशाचे तुकडे 1 भाग हे मिश्रण बहुतेक दुरंगी वेलवर्गीय झाडांना चालते. परलाइट न मिळाल्यास विटांचे चाळलेले बारीक तुकडे वापरता येतात. स्नेक प्लांटसाठी कोकोपीट निम्म्यावर आणून विटांचे तुकडे किंवा जाड वाळू वाढवावी.

न धुतलेले कोकोपीट खारे असू शकते. क्षारांमुळे मुळांची टोके जळतात आणि त्या जखमांतून बुरशी शिरते. म्हणून ते दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून, पिळून मगच वापरावे.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. बारीक माध्यमातील पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते खडीच्या वर धरून राहते आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. तळाच्या छिद्रावर जाळीचा तुकडा किंवा एक खापर पुरते.

बुरशीनाशक कधी व कोणते?

घरातील एक-दोन कुंड्यांसाठी कुजकी मुळे कापणे, नवे माध्यम आणि नियंत्रित पाणी एवढे बहुतेक वेळा पुरते. घरात रसायन वापरण्याची गरज नाही. रोपवाटिकेत एकाच ओळीतील अनेक झाडे बाधित असतील तर पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

- कार्बेन्डाझिम हे हाताशी असते म्हणून सर्रास ओतले जाते. ते पिथियम व फायटोप्थोरावर काम करत नाही. या दोन्ही रोगकारकांची रचना खऱ्या बुरशीपेक्षा वेगळी आहे.
- पिथियम व फायटोप्थोरासाठी मेटॅलॅक्झिल गटातील बुरशीनाशके असतात. मात्र ती रायझोक्टोनिया किंवा फ्युजारियमवर चालत नाहीत. म्हणून आधी रोगकारक ओळखणे फायद्याचे ठरते.
- ओल्या, न निथळणाऱ्या कुंडीत आळवणी करणे म्हणजे कुजीला आणखी पाणी देणे होय. आधी माध्यम बदलावे, मग आळवणीचा विचार करावा.
- मात्रा, वापराची पद्धत व संरक्षक साधने याबाबत डब्यावरील लेबलप्रमाणेच वागावे. लेबलवर नसलेली मिश्रणे करू नयेत.
- ट्रायकोडर्मा हा प्रतिबंधाचा उपाय आहे. कुजलेले मूळ त्याने परत येत नाही. नव्या माध्यमात तो सुरुवातीलाच मिसळावा. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा यांत किमान 10 ते 15 दिवसांचे अंतर ठेवावे.

कलमातून वाण वाचवताना

मनी प्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरा यांच्या कलमात किमान एक पेर व त्यावरील डोळा असलाच पाहिजे. नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर ते बरेच दिवस हिरवे राहील, कदाचित मुळेही फुटतील, पण नवा फुटवा येणार नाही.

मार्बल क्वीन मनी प्लांट किंवा पांढऱ्या पट्ट्यांच्या मॉन्स्टेरासारख्या झाडांत हिरव्या व पांढऱ्या पेशींचे पट्टे खोडातही असतात. डोळा ज्या पट्ट्यावर आहे त्यावर नव्या फांदीचा रंग ठरतो. म्हणून पान किती सुंदर आहे यापेक्षा डोळ्याजवळचे खोड पाहावे. तेथे हिरवा व पांढरा दोन्ही रंग असलेले पेर निवडावे. पूर्ण पांढऱ्या पेरावरून आलेली फांदी अन्नाअभावी मरते आणि पूर्ण हिरव्या पेरावरून बहुधा साधेच हिरवे झाड मिळते.

पिवळ्या किनारीच्या स्नेक प्लांटबाबत विशेष काळजी घ्यावी. त्याच्या पानाचे तुकडे लावले तर झाड जगते, पण नवे फुटवे पूर्ण हिरवे येतात व पिवळी किनार जाते. वाण टिकवायचा असेल तर गड्ड्याचा डोळ्यासह निरोगी भाग वेगळा करूनच लावावा.

कलमे पाण्यात ठेवल्यास पेर पाण्यात आणि पान बाहेर असावे. पाणी 3-4 दिवसांनी बदलावे. मुळे 3 ते 5 सें.मी. झाली की माध्यमात लावावे, पाण्यात फार दिवस ठेवू नये.

पुढील दोन महिन्यांचे नियोजन

- पहिला आठवडा : लागवडीनंतर एकदा पाणी देऊन पूर्ण निथळू द्यावे. भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशी जागा द्यावी. अंधाऱ्या कोपऱ्यात माध्यम वाळत नाही आणि झाडाला अन्नही करता येत नाही.
- दुसरा ते चौथा आठवडा : पाणी वार ठरवून देऊ नये. वरचा 3-4 सें.मी. थर बोटाने तपासावा आणि कुंडी उचलून वजन पाहावे. कोकोपीट वरून कोरडे दिसले तरी आत ओले असते, म्हणून वजनाचा अंदाज जास्त खात्रीचा असतो. बशीत साचलेले पाणी ओतून द्यावे.
- पाचवा आठवडा व पुढे : नवे पान उघडले म्हणजे मुळे कामाला लागली. त्यानंतरच विद्राव्य खत नेहमीच्या निम्म्या मात्रेत सुरू करावे.
- पूर्ण हिरवे फुटवे जोमाने वाढू लागले तर ते शेवटच्या दुरंगी पानाच्या पेरापर्यंत छाटावेत, नाहीतर तेच झाड व्यापून टाकतात.

वाचवलेले झाड किमान दोन महिने विक्रीला किंवा मातृझाडांच्या ओळीत ठेवू नये.

रोपवाटिकेत प्रतिबंध

शेडनेट ऊन कमी करते, पाऊस अडवत नाही. दुरंगी झाडांच्या भागावर पावसाळ्यापूर्वी प्लॅस्टिकचे आच्छादन करावे आणि बाजू हवेसाठी मोकळ्या ठेवाव्यात. कुंड्या जमिनीवर न ठेवता बाकावर किंवा निचरा होणाऱ्या खडीच्या थरावर ठेवाव्यात. पाण्याच्या पाइपचे तोंड जमिनीवर टाकू नये, कारण चिखलातील रोगकारके तेथूनच कुंडीत जातात. दुरंगी व हिरव्या झाडांच्या ओळी व पाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. बाहेरून आणलेली रोपे 2 ते 3 आठवडे स्वतंत्र ठेवून एक-दोन कुंड्यांची मुळे तपासावीत. प्रत्येक वाणाची मातृझाडे दोन वेगळ्या जागी ठेवावीत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

फोनवर किंवा छायाचित्रावरून सल्ला देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत : माध्यम आत्ता ओले आहे का? शेवटचे पाणी कधी दिले? कुंडीला छिद्र आहे का? माध्यम कधी बदलले? मुळांचा रंग काय आहे? मुळांचे छायाचित्र मागवावे, केवळ पानांवरून बुरशीनाशक सुचवू नये.

अनेक झाडे बाधित असतील तर निरोगी व कुजका असे दोन्ही भाग असलेली मुळे थोड्या माध्यमासह ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालावीत. हा नमुना त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात पोहोचवावा. नमुना पाण्यात भिजवून पाठवू नये आणि बुरशीनाशक वापरण्यापूर्वीच घ्यावा.

एखाद्या झाडाचा बुंधा व सर्व पेरे मऊ झाली असतील तर ते वाचवण्यात वेळ घालवू नये. ते माध्यमासह रोपवाटिकेबाहेर नष्ट करावे, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये, आणि त्याच्या आजूबाजूच्या कुंड्यांची मुळे त्याच दिवशी तपासावीत.