पंधरा मिनिटांची भेट

या लेखाखाली माझं नाव नाही. संपादकांना ते ठाऊक आहे, आणि मंडळातल्या काहीजणांनी एव्हाना ओळखलंही असेल. हरकत नाही. नाव का नाही, ते पुढे येईलच.

आपल्या क्लीव्हलंडहून दक्षिणेला पाऊणएक तासावर ॲक्रन. टायरचं गाव. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना तिथला स्टॅन हायवेटचा वाडा आणि बाग दाखवायला नेतो. मीही कितीदा तरी नेलंय. पण त्या वाड्याच्या फाटकापाशी एक छोटं घर आहे, तिकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल एका कंपनीचा ताबा मिळवायच्या खटपटीत ॲक्रनला आला. डाव फसला. शनिवारची संध्याकाळ, खिसा जवळजवळ रिकामा, आणि तो मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालतोय. एका बाजूला बार, तिथून हसण्याखिदळण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सोडून त्याला पाचच महिने झाले होते. त्या पाच महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमध्ये अनेक दारुड्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता, त्यातला एकही सुधारला नव्हता. पण तो स्वतः मात्र प्यायला नव्हता! हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्याने फोन उचलला आणि चर्चच्या यादीतून एका पाद्र्याला गाठलं. मला बोलायला एक दारुडा हवाय, हीच त्याची मागणी.

एका नावावरून दुसरं नाव असं करत तो हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोचला. या वाड्याच्या मालकांच्या सूनबाई. राहायच्या त्या फाटकाजवळच्या घरात. त्यांच्या ओळखीचे एक सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ, पिण्यापायी प्रॅक्टिस बुडत चाललेले. दुसऱ्या दिवशी, मदर्स डेला, संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर बायकोबरोबर आले ते 'पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही' या अटीवर. निघाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. विल्सनने उपदेश केला नाही, फक्त स्वतःची कहाणी सांगितली. दारूचे दुष्परिणाम डॉक्टरांना कोण शिकवणार? पण स्वतः त्यातून गेलेला माणूस त्यांना पहिल्यांदा भेटला होता.

पुढे डॉक्टर एकदा घसरले. मग १० जून १९३५ रोजी ऑपरेशनला जाताना हात थरथरू नयेत म्हणून विल्सननेच त्यांना बिअर दिली. विश्वास बसत नाही ना? ती शेवटची. तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, स्थापना दिवस धरतात. मग दोघं मिळून हॉस्पिटलात तिसरा रुग्ण शोधायला गेले. तो निघाला वकील. ए.ए. हे नाव १९३९ च्या पुस्तकावरून आलं, आणि ते लावणारा पहिला गट आपल्या क्लीव्हलंडचा.

माझी कथा लहान आहे. बेसमेंटमधला बार, शुक्रवारचे दोन पेग, मग रोजचे दोन, मग मोजणंच बंद. २००६ च्या जानेवारीत माझ्या मुलाने माझ्या गाडीत बसायला नकार दिला. ए.ए.चा नंबर चार दिवस पाकिटात होता. शेवटी ऑफिसच्या पार्किंग लॉटमधून फोन केला. पलीकडच्या माणसाने नाव विचारलं नाही. कुठे राहता विचारलं, जवळचं चर्च आणि वेळ सांगितली. 'ओपन' मीटिंगला कुणीही येऊ शकतं, 'क्लोज्ड' फक्त पिणं सोडू इच्छिणाऱ्यांसाठी, हेही सांगितलं. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं गाडीत बसलो आणि घरी परतलो. दुसऱ्यांदा आत गेलो. फी नाही, रजिस्टर नाही, घड्या घालायच्या खुर्च्या आणि पांचट कॉफी. एक ट्रक ड्रायव्हर बोलत होता. बाटली कुठे कुठे लपवायचा ते त्याने सांगितलं आणि मला घाम फुटला. जागा त्याच!

शेवटी सगळे हात धरून ख्रिस्ती प्रार्थना म्हणू लागले तेव्हा मात्र मी चुळबुळलो. या चळवळीची मुळं एका ख्रिस्ती मंडळात आहेत, ते लपत नाही. पण देव कोणता, कसा, हे ज्याचं त्याने ठरवायचं अशी मुभा सुरुवातीच्या नास्तिक सभासदांनीच भांडून मिळवली. माझा विठोबा त्यात बसला.

आता नावाचं. सुरुवातीला नाव लपवायचे ते नोकरी जाईल, लाज वाटेल म्हणून. १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात बारा परंपरा मान्य झाल्या. छापील मजकुरात सभासदाने नाव द्यायचं नाही, ही त्यातलीच एक. कुणी एकजण सगळ्यांचा चेहरा होऊन मिरवू नये म्हणून.

घरच्यांसाठीची अल्-ॲनॉन १९५१ ची. आमची सौ. माझ्याआधी महिनाभर तिथे जात होती, मला न सांगता. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथेही बरे झालेले मित्रच पुढच्यांना हात देतात. माझ्या मामेभावाला तिथे पाठवताना मावशी म्हणाली, "लोक काय म्हणतील?" आपल्या मंडळातही हाच प्रश्न आहे. गणपतीत मी दारूला नाही म्हटलं की अजूनही कुणीतरी आग्रह करतंच.

कुणाला यायचं असेल तर माझा नंबर संपादकांकडे आहे. शनिवारी सकाळी मी मोकळा असतो. गाडी माझी, आणि पहिल्या दिवशी नुसतं पार्किंगमध्ये बसून परत यायचं असेल तरी चालेल.