भवचक्राचे निरूपण : वेळुवन ते हिंजवडी

चित्र काढणे आणि चित्राचा अर्थ उलगडून दाखविणे ही दोन भिन्न कार्ये होत, हे बौद्ध संघाने फार पूर्वी ओळखले होते. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथातील सहसोद्गताच्या कथेत राजगृहाच्या वेळुवन विहाराच्या द्वारकोष्ठकात पाच गतींचे चक्र रंगविण्याची आज्ञा तथागत देतात. मध्यभागी राग, द्वेष व मोह यांची प्रतीके असलेले पारवा, साप व डुक्कर. कडेने प्रतीत्यसमुत्पादाची बारा अंगे, अनुलोम आणि प्रतिलोम अशा दोन्ही क्रमांनी. लोक येऊन अर्थ विचारू लागले, तर भिक्षूंनाच तो सांगता येईना! तेव्हा निरूपणासाठी एक भिक्षू दाराशी नेमावा असे ठरले. आणि अजाण भिक्षू नेमले गेल्याचे दिसताच, तो समर्थच असावा अशी पुस्ती जोडली गेली.

वाकाटकनृपती हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत डाव्या बाजूस असेच चक्र आहे. त्याचा बराच भाग नष्ट झाला आहे. निरूपण करणारा भिक्षू तर केव्हाच नाहीसा झाला.

1995 मध्ये जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा आली आणि वेबवरील चित्र वाचकाच्या हालचालीला प्रतिसाद देऊ लागले. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये संगणकप्रणाली रचणाऱ्यांत आपल्या घरांतील तरुणही आहेत. तेथून जवळच देहूरोड आहे, जेथे 25 डिसेंबर 1954 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. या तरुणांनी बारा अंगांचे चक्र पडद्यावर आणावे. वाचकाने तृष्णा बोटाने बाजूस सारताच उपादान, भव, जाती, जरामरण ही पुढील अंगे क्रमाने मावळावीत. भिंतीवर प्रतिलोम क्रम केवळ रेखाटता येत होता. येथे तो वाचक स्वतः घडवील. प्रश्न आधी ओळखून उत्तर चित्राच्या रचनेतच ठेवणे, हेच या कलेचे मर्म होय.

परंतु येथेच धोका आहे. कोणती कळ वाचकाच्या हाती द्यावयाची, हे रचनाकार ठरवितो. सहसोद्गताने नरकातील प्राण्यांच्या दुःखाचे कारण विचारले, तेव्हा भिक्षूने त्यांच्या पूर्वकर्मांकडे बोट दाखविले. आजचे दारिद्र्य पूर्वजन्मीच्या कर्माने आले असे मानल्यास समाज व शासन आपल्या उत्तरदायित्वातून सुटतात, असा परखड आक्षेप बाबासाहेबांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात घेतला आहे. एखाद्या कुशल तरुणाने परंपरागत चक्र जसेच्या तसे पडद्यावर फिरते केले, तर बाबासाहेबांनी नाकारलेलीच गोष्ट ते यंत्र मुकाट्याने शिकवील. आणि वाचकाने शंका विचारावी, तर पडद्याशी कोणी बसलेला नसेल. म्हणून परंपरेचा अर्थ आणि बाबासाहेबांचा अर्थ वेगवेगळ्या रंगांत, शेजारी शेजारी दाखवावेत. चक्राखाली प्रश्न लिहिण्यास जागा ठेवावी. त्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम मात्र विहारातील एखाद्या जाणत्या भिक्षूकडे अथवा उपासकाकडे सोपवावे.